दावा फेटाळायचा तर कारण द्या: वनहक्क समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
उपविभागीय आणि जिल्हास्तरीय वनहक्क समित्या, महाराष्ट्र

विषय : वनहक्क दावे कारण न देता अमान्य करणे, क्षेत्र कापून मान्य करणे आणि वर्षानुवर्षं अडकवून ठेवणे याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावात, कसत असलेल्या वनजमिनीवर वनहक्क कायद्याखाली केलेले दावे अमान्य झाल्याची पत्रं आली. ग्रामपंचायतीच्या शिपायाने ती एका गठ्ठ्यात आणली आणि समाजमंदिराच्या ओट्यावर वाटली. नावं वेगळी, वनखात्याच्या जंगल-तुकड्यांचे (कंपार्टमेंट) नंबर वेगळे, मागितलेलं क्षेत्र वेगळं. कारण मात्र प्रत्येक पत्रावर एकच होतं : 'पुरेसे पुरावे सादर केले नाहीत.' खाली सही आणि शिक्का. कोणता पुरावा कमी पडला, कोणता वाचला, कोणता बाजूला ठेवला, कोणत्या तारखेच्या बैठकीत हे ठरलं, यातलं काहीही पत्रात नाही.

मी आमच्या ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीची सचिव आहे. त्या गठ्ठ्यात माझ्या आईच्या नावाचंही पत्र होतं. तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अशी पत्रं एका तालुक्यापुरती नाहीत. शेजारच्या गावांच्या समित्यांशी बोलले, तिथेही हाच मजकूर आहे. म्हणून हे पत्र एका साहेबांना न लिहिता आपणा सर्वांना लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. प्रत्येक दावा मान्य झालाच पाहिजे असं आमचं म्हणणं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 या तारखेनंतर कोणी जंगल तोडून जमीन धरली असेल तर त्याचा दावा टिकणार नाही, हे आम्ही ग्रामसभेतच सांगतो. आमच्या समितीने स्वतः असे दावे परत पाठवले आहेत, आणि ज्यांचे पाठवले त्यांना समोर बसवून कारण सांगितलं आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की दावा नाकारायचीही रीत कायद्याने घालून दिली आहे आणि ती पाळली जात नाही. माणसाचं ऐकून, त्याचे कागद वाचून, कारण लिहून दिलेला नकार आम्हाला समजतो. त्याविरुद्ध दाद मागता येते. आत्ता जे चाललं आहे त्यात निर्णय घेतलाच जात नाही आणि माणूस मात्र बाहेर काढला जातो.

माझ्या आईची जमीन म्हणजे डोंगराच्या अंगावरची वरकस, म्हणजे हलकी, उताराची जमीन. आजोबांनी ती दगड उचलून, ताली घालून तयार केली. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग उडीद किंवा खुरासणी, आणि मग जमिनीला विसावा. वडील गेल्यावर आईने एकटीने ती कसली आणि आम्हा भावंडांना वाढवलं. दिवाळीनंतर गावातली अर्धी माणसं द्राक्षबागांत नाहीतर वीटभट्टीवर जातात, पण आई पावसाआधी राब भाजायला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, परत आली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. कायदा आला तेव्हा तिने दावा केला. दाव्यासोबत गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले, स्थळपाहणीचा पंचनामा जोडला, आणि आजोबांच्या नावाची दंडाची एक पावती जोडली. वनजमिनीत नांगरट केली म्हणून वनखात्याने आजोबांना दंड केला होता, त्याची ती पावती. आजोबा ती जमीन त्या काळी कसत होते हे वनखात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. तरीही पुरावा पुरेसा नाही.

आणि ज्यांच्याकडे पावतीच नाही त्यांचं काय? आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की दंड प्रत्येकाला व्हायचा, पावती प्रत्येकाला मिळायची नाही. गार्ड कोंबडी न्यायचा, तांदूळ न्यायचा, बाईमाणसाकडून चौकीचं सारवण करून घ्यायचा. त्या घरांनी दंड भरला, पण त्यांच्या हातात कागद राहिला नाही. आज त्याच घरांना आपण कागद मागता. आपल्या टेबलावर या दोन घरांच्या फायली शेजारी शेजारी येतात तेव्हा एकात पावती असते आणि दुसऱ्यात नसते, एवढंच दिसतं. पावती का नाही हे विचारायला कोणी येत नाही.

ही अडचण कायदा करणाऱ्यांना माहीत होती. म्हणूनच या कायद्याच्या नियमांतल्या नियम 13 मध्ये दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा म्हणून दिला आहे. बांधबंदिस्ती, सपाटीकरण, घर-झोपडी, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही पुरावे म्हणून दिले आहेत. आमच्या शिवारात वाघदेवाचा खांब आहे, त्याच्या अंगावरच्या चंद्र-सूर्याच्या खुणा पावसाने झिजून गेल्या आहेत. तो कोणी आणि कधी उभा केला हे सांगणारी शेवटची पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यांचे जबाब आम्ही घेतले, अंगठे घेतले, फायलीला लावले. त्यांचं एक वाक्यही कोणत्या निर्णयात आलेलं नाही. 'तोंडी आहे' म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं, असं आम्हाला कचेरीत सांगण्यात आलं. साहेब, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं खोटं वाटलं तर तसं लिहा, का खोटं वाटतं तेही लिहा. त्याला बोलावून उलटे प्रश्न विचारा. पण त्याने काही सांगितलंच नाही असं समजून पुढे जाऊ नका. यातले दोन म्हातारे आता राहिले नाहीत. त्यांचा जबाब पुन्हा घेता येणार नाही.

उपग्रहाच्या चित्राचंही असंच आहे. 2005 च्या चित्रात शेत दिसत नाही, झुडूप दिसतं, म्हणून दावा अमान्य. वरकस जमीन दोन-तीन पिकं घेऊन पडीक ठेवावी लागते, नाहीतर डोंगराची माती टिकत नाही. चित्र घेतलं त्या वर्षी ती विसाव्यावर असेल तर तिथे गवत आणि झुडूपच दिसणार. चित्र उन्हाळ्यातलं असेल तर पावसावर पिकणाऱ्या जमिनीत पीक कुठून दिसणार? शिवाय आमची माणसं शेतातला मोह, आंबा, साग तोडत नाहीत. वरून पाहिलं तर ते जंगलच दिसतं. झाडं राखली म्हणून जमीन नाकारली जाते आणि ज्याने सगळं साफ केलं त्याचं शेत चित्रात स्वच्छ उमटतं, हा न्याय आम्ही आमच्या पोरांना कसा समजावून सांगायचा? नियम 12अ सांगतो की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरू नये, असंही तिथेच लिहिलं आहे.

आता स्थळपाहणीबद्दल. आमच्या समितीने पाहणीची लेखी सूचना वनखात्याला आणि महसूलला दिली, पोच घेतली. त्या दिवशी वनखात्याचं कोणी आलं नाही. आम्ही पाहणी करून, जीपीएसने मोजून, पंचनामा करून फायली पाठवल्या. नंतर कळलं की पंचनाम्यावर वनरक्षकाची सही नाही म्हणून फायली बाजूला पडल्या. नियम काय म्हणतो? आपला माणूस हजर नव्हता अशी हरकत खात्याने घेतली तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा, आणि खात्याचा माणूस दुसऱ्यांदाही आला नाही तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. आमच्या फायली परत आल्या नाहीत. ज्याने यायचं होतं तो आला नाही, त्याची शिक्षा जे आले त्यांना झाली.

उलटही घडतं. एकदा वरून पाहणीचं पथक आलं ते माघात. गाव रिकामं. माणसं द्राक्षांच्या काढणीला आणि भट्ट्यांवर गेलेली. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. 'दावेदार गैरहजर' अशी नोंद झाली. पोट भरायला बाहेर गेलेल्या माणसाला आठ दिवस आधी निरोप मिळाला असता तर तो मजुरी बुडवून आला असता. निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी आला.

सगळ्यात जास्त माणसं मात्र नकाराने नाही, गप्प बसण्याने बाहेर काढली गेली आहेत. आमच्या गावातले कितीतरी दावे आजही 'प्रलंबित' आहेत. नकाराचं पत्र हातात पडलं तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पत्रच नसेल तर कशाविरुद्ध दाद मागायची? दावेदाराला निर्णय स्वतः कळवला पाहिजे, असा नियम आहे. कचेरीत विचारलं की 'फाईल जिल्ह्याला गेली', जिल्ह्याला विचारलं की 'उपविभागाकडे आहे'. माणूस मरतो, दावा वारसांच्या नावावर कसा करायचा हे कोणी सांगत नाही, आणि पुढच्या यादीत ते नावच नसतं.

ज्यांना पट्टा, म्हणजे मान्य हक्काचा कागद, मिळाला त्यांचीही गोष्ट सांगायला हवी, कारण कागदावर ते 'मान्य' म्हणून मोजले जातात. अडीच एकर कसणाऱ्याला बारा गुंठे मिळाले. तीन एकर कसणाऱ्या विधवेला आठ गुंठे. कायदा म्हणतो, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढं क्षेत्र, चार हेक्टरच्या मर्यादेत. मग उरलेली जमीन का कापली? एकाही पट्ट्यासोबत कापलेल्या क्षेत्राचं कारण आलेलं नाही, आणि मान्य झालेले बारा गुंठे शेताच्या कोणत्या कोपऱ्यातले हेही मोजून दाखवलेलं नाही. पावसाळ्यात त्याने नांगर कुठपर्यंत चालवायचा? पुढे सातबाऱ्यावर नाव लागतं तेही कब्जेदार म्हणून नाही, 'इतर हक्क' या रकान्यात. सोसायटी पीककर्ज देत नाही, नुकसानीच्या पंचनाम्यात तलाठी नाव घेत नाही. मान्य झालेल्या दाव्यांतली ही कापाकापी सरळ नकारापेक्षा जास्त घरांना लागली आहे. तिच्याविरुद्ध माणूस बोलतही नाही. मिळालं तेही जाईल, असं त्याला वाटतं.

समित्यांमधल्या सदस्यांबद्दल लिहिणं अवघड आहे, पण लिहिते. उपविभागीय आणि जिल्हा समितीत अधिकाऱ्यांसोबत तीन लोकप्रतिनिधी असले पाहिजेत, त्यात आदिवासी असले पाहिजेत, एक बाई असली पाहिजे. कायद्याने त्यांना साहेबांच्या बरोबरीने बसवलं आहे. एका माजी सदस्य बाईंनी मला सांगितलं की बैठकीची सूचना त्यांना बैठकीनंतर मिळायची आणि सहीसाठी वही घरी यायची. एकदा त्या वेळेवर पोचल्या आणि आमच्या गावच्या फायली उघडून दाखवा म्हणाल्या, तर त्यांना सांगण्यात आलं, 'ताई, हे तांत्रिक आहे.' त्या पाचवी शिकलेल्या आहेत. नागली कधी पेरतात, डोंगराची जमीन किती वर्षं पडीक ठेवतात, दाव्यातली नावं कोणाच्या घरची आहेत, हे त्या बैठकीत फक्त त्यांना माहीत होतं. 2022 साली तर राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात या तीन खुर्च्यांवर कोण बसलं? कोणाच्या हजेरीत दावे अमान्य झाले? हे आम्हाला कळलं पाहिजे.

आणि शेवटी सामूहिक हक्काची गोष्ट. आमच्या ग्रामसभेने गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मागितला. चराई कुठे बंद ठेवायची, मोहाची आणि हिरड्याची वाटणी कशी, वणवा लागला तर कोण धावणार, हे सगळं आम्ही ठरावात लिहिलं. उत्तर आलं ते तोंडी : तुम्हाला हे झेपणार नाही, वनखात्याची समिती आहे ना, तिच्यात या. आमचा ठराव कोणी वाचून खोडून काढला असता तर आम्ही त्यावर बोललो असतो. तो वाचला गेला नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावालाही एकेकाळी हेच ऐकावं लागलं असेल. त्या गावाला 2009 साली सुमारे 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला, त्यासाठी केंद्रीय मंत्री गावात आले होते. पुढे गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांनी हक्क मिळवले, बांबू आणि तेंदू स्वतः विकला, मजुरी वेळेवर वाटली. हे सगळं याच राज्यात, याच कायद्याखाली झालं आहे. मग सह्याद्रीतल्या गावाला ते झेपणार नाही हे कशावरून ठरवलं?

आमच्या माणसांनी हे सगळं आधीही सांगितलं आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले, त्यातले बहुसंख्य वनजमीन कसणारे आदिवासी होते. माझी आईही होती. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण नको म्हणून ती माणसं विश्रांती न घेता रात्रीतूनच आझाद मैदानात पोचली. सरकारने दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं आश्वासन दिलं. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि 13 फेब्रुवारी 2019 ला ज्यांचे दावे अमान्य झाले त्यांना जमिनीवरून काढा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 28 फेब्रुवारीला न्यायालयानेच तो स्थगित केला आणि दावे फेटाळताना रीत पाळली गेली होती का, हे राज्यांना विचारलं. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरी काय चाललं होतं हे मी कधी विसरणार नाही. आपल्या कचेरीतून निघालेल्या एका ओळीच्या नकारावर घर जाणार होतं. म्हणून ती ओळ लिहिणाऱ्याने ती जबाबदारीने लिहावी, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

आमच्या मागण्या अशा :

1. ज्या अमान्य पत्रांत सविस्तर कारण नाही ती सर्व मागे घ्यावीत आणि ते दावे फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावेत. अपुऱ्या दाव्यांसाठी नियमातच ही तरतूद आहे.

2. प्रत्येक दावेदाराला निर्णय मराठीत, लेखी, हातात आणि पोच घेऊन द्यावा. त्यात कोणते पुरावे पाहिले आणि प्रत्येक पुरावा का मानला किंवा का मानला नाही, ते लिहावं. वडीलधाऱ्यांच्या जबाबांबद्दल वेगळं लिहावं.

3. अनुसूचित क्षेत्रासाठी (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या भागासाठी) मा. राज्यपालांनी मे 2020 मध्ये विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपिलाची सोय केली. आमच्याकडे बहुतेकांना हे माहीतच नाही. प्रत्येक नकारपत्रावर दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची ते छापावं. ज्यांना हे कधी कळवलंच नाही त्यांचा उशीर माफ करावा.

4. क्षेत्र कापून दिलेल्या सर्व पट्ट्यांची फेरमोजणी दावेदार आणि वनहक्क समितीच्या समक्ष करावी. ती पावसाळ्यानंतर, माणसं कामाला बाहेर पडण्याआधी करावी. पट्टेधारकांना स्वतंत्र सातबारा द्यावा.

5. समितीच्या सदस्यांची नावं, बैठकांच्या तारखा, हजेरी आणि इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. प्रशासकांच्या काळात झालेल्या निर्णयांचंही.

6. दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं. ते असतानाही आमच्या शिवारात चर खोदले गेले, रोपवनाचे खड्डे घेतले गेले आणि अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या. हे तात्काळ थांबवावं.

7. सामूहिक वनहक्काचा आमचा दावा ग्रामसभेत येऊन ऐकावा. हरकत असेल ती गावासमोर मांडावी. आम्ही उत्तर देऊ.

हे पत्र ग्रामसभेत वाचून दाखवलं आहे आणि सभेने ते ठराव म्हणून मंजूर केलं आहे. ठरावाची प्रत, सह्या आणि अंगठ्यांसह, आमच्या उपविभागाच्या आणि जिल्ह्याच्या समितीकडे स्वतंत्रपणे दिली आहे. दावेदाराला दाद मागायला कायदा साठ दिवस देतो. तेवढ्याच मुदतीत या सात मागण्यांवर आपलं लेखी उत्तर आम्हाला मिळावं.

आपली,
सचिव, गावची वनहक्क समिती
(ग्रामसभेच्या वतीने)